सोळा दिवस दुसरीच्या गळ्यात

लग्नाचे फोटो काढायला कॅमेरा कोणता घ्यावा, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. मी सांगतो, आधी पँट बघ. कॅमेरा कसलाही चालतो, पँट कसलीही चालत नाही.

मी रोह्याचा. शिक्षण सातवी, तीही काठावर. पेण, नागोठणे, कोलाड आणि खाडीकडची गावं, एवढ्या टापूत चाळीसएक वर्षं लग्नं टिपली. रोलच्या कॅमेऱ्यापासून आत्ताच्या कॅमेऱ्यापर्यंत आलो. या नव्या कॅमेऱ्यातली निम्मी बटणं कशाला दिलीत ते मला ठाऊक नाही, आणि त्यांच्यावाचून माझं काही अडलं नाही. पँटीवाचून मात्र अडलं. कोलाडजवळ एका लग्नात मी नवरीची पावलं टिपायला गुडघ्यावर बसलो, नेमका तेव्हाच अंतरपाट खाली आला आणि माझी शिवण मागून पुढपर्यंत उसवली. मांडवातल्या अर्ध्या अक्षता नवरानवरीवर पडल्या, अर्ध्या माझ्यावर. आमच्या हिने आहेराच्या ढिगातला एक टॉवेल ओढला आणि माझ्या कमरेला गुंडाळला. उरलेलं लग्न मी टॉवेलवर काढलं. जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ माझ्यामागून फिरत होते. शेवटी म्हणाले, "हा मी दिलेला टॉवेल हाय. नवऱ्याच्या बापाला." मी म्हटलं, "सोडून देऊ का आत्ता?" मग गेले.

तेव्हा पँट ढगळ घ्यावी आणि शिवण दुहेरी मारून घ्यावी. सफारी घालू नये. सफारी घातली की माणूस कोणाचा तरी मामा दिसतो. मला एकदा खरोखरच मामा समजून नवरीला मांडवात आणायला लावलं. मी कॅमेरा गळ्यात घेऊन तिचा हात धरून चाललो, कारण बायका मागून ढकलत होत्या. खरा मामा लघवीला गेला होता. तो परत आला तेव्हा त्याचा मान संपलेला होता. त्या दोन घरांत अजून बोलणं नाही असं ऐकतो. हळदीला पिवळं घालू नये, कारण तिथे सगळेच पिवळे असतात आणि तुम्हालाही तेलकट हातांनी नाचायला ओढतात. बुटांना नाड्या नकोत, मांडवात वीस वेळा काढाघाला होते. मोज्याला भोक नको, कारण एकविसाव्या वेळी सगळं गाव ते बघतं. मिठागरावर लग्नाआधीचे फोटो काढायची आता टूम निघाली आहे. तिथे गमबूट घालावेत आणि नवऱ्यालाही घालायला लावावेत. पेणकडच्या एका मिठागरात नवरा ऐटीत पुढे गेला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. चौघांनी उपटून काढला. बूट तिथेच राहिले.

ही म्हणजे माझी बायको. प्रत्येक लग्नात ती माझ्याबरोबर असायची. लाइट ती धरायची, नवरीच्या निऱ्या ती नीट करायची, आडव्या उभ्या राहिलेल्या आत्यांना ती हलवायची. आत्या हलवणं हे मशिनीने होत नाही. स्कूटरवर माझ्यामागे बसायची, मांडीवर स्टँड आणि काखेत लाइटची पांढरी छत्री. नागोठण्याच्या पुलावर एकदा वाऱ्याने ती छत्री उघडली आणि आमची स्कूटर पुढे जायची सोडून आडवी चालायला लागली. मी ओरडलो, "सोड ती!" ती म्हणाली, "अवो, तुम्ही पुढं बघा, छत्रीचं मी बघते." आणि खरंच बघितलं. आंबा नदीवरून आम्ही दोघं तिरके तिरके पलीकडे गेलो, पण छत्री सोडली नाही.

मला जॅकेटही तिनेच शिवलेलं, मोडक्या छत्र्यांच्या काळ्या कापडाचं, अकरा खिशांचं. सेल, कार्ड, पुसायचं फडकं, गोळ्या, पेढा, प्रत्येकाला वेगळा खिसा. पण लग्नघरात खिसा दिसला की लोकांना राहवत नाही. हळदीला सगळी माखणार, फोटोवाला तेवढा कोरडा राहणार, म्हणून जो तो माझ्या खिशात वस्तू ठेवायचा. घड्याळ, मोबाइल, अंगठ्या, एका आजोबांची कवळी. कोणी काय दिलं ते मला कधीच आठवलं नाही. सगळं हिच्या डोक्यात. हळद संपली की ती माझ्यासमोर उभी राहायची आणि एकेका खिशात हात घालून वाटप करायची. चूक एकदाही नाही. कवळीसुद्धा योग्य तोंडात गेली.

मागच्या थंडीत ती गेली. सकाळी चहा ठेवला, पाटावर बसली, आणि संपलं. चहा उतू गेला तेव्हा मला कळलं. उचलायच्या आधी बायकांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून माझ्या हातावर ठेवलं. जी येई ती म्हणे, अहेव गेली, नशीब काढलं. नवरा जिवंत असताना गेली म्हणून नशीबवान. मी तिथेच बसलेला. तिचं नशीब म्हणजे मी जिवंत होतो, एवढंच. मला कोणी विचारलं नाही मला ते नशीब कसं लागतंय.

मंगळसूत्र मी सोनाराच्या लाल डबीत घातलं आणि डबी जॅकेटच्या आतल्या डाव्या खिशात. ते कपाटात ठेवा म्हणून चौघांनी सांगितलं. मला ते कपाटात नको होतं. तिचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं जे तिच्या अंगाला चोवीस तास लागलेलं होतं. साड्या बदलायची, मंगळसूत्र तेच. त्याच्या एका वाटीवर दाताचा खड्डा आहे. लग्न लागताना तिचे दोन्ही हात लाइटला अडकलेले असायचे, मग मान खाली करून ती एक वाटी दातांत धरायची. इतकी वर्षं इतकी लग्नं, सोन्याला खड्डा पडला.

वर्षाच्या आत लग्नघरात जाऊ नये म्हणतात. मी जाणारही नव्हतो. पण पेणच्या पुढे खाडीकाठच्या एका गावातलं वैशाखातलं लग्न तिने आधीच घेऊन ठेवलं होतं. नवरीची आई मिठागरावर काम करणारी, हिच्या ओळखीची. ती मला फोनवर म्हणाली, "वहिनींनी शब्द दिलेला. तुम्ही आलांव नाय तर माझ्या पोरीचं लग्न कोण काढंल?" शब्द माझा असता तर मोडला असता.

गेलो. लाइटला स्टँड लावला, तो दोनदा पडला. आत्या हलल्या नाहीत. निऱ्यांना मी हात कसा लावणार? सगळ्या निऱ्या त्या फोटोत गबाळ्या आहेत आणि त्याला इलाज नाही. आदल्या दिवशी हळदीला माझे खिसे भरले ते वाटता वाटता रात्र झाली. एकाचा मोबाइल तिसऱ्यालाच गेला, त्याने त्यावर फोन घेऊन भलत्याच बाईशी अर्धा तास गप्पा मारल्या.

लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या आईने मला मंगळसूत्राची डबी दिली. आता दागिन्यांचे वेगळे फोटो काढायची पद्धत आहे. तांदळाच्या राशीवर मंगळसूत्र ठेवायचं, बाजूला आंब्याचं पान, आणि खूप जवळून काढायचं. काढला. मुहूर्ताला अजून अवकाश होता, नवऱ्याची आई कोणाचे तरी पाय धुवायला गेलेली. मी डबी बंद करून आतल्या डाव्या खिशात टाकली. सगळे सोनार लाल डब्याच देतात. माझ्या छातीशी आता दोन लाल डब्या होत्या आणि माझ्या डोक्यात ते आलं नाही. डोकं घरी गेलेलं होतं, थंडीतच.

मंगलाष्टका संपल्या. "मंगळसूत्र कुठाय? मंगळसूत्र?" असा पुकारा झाला. मी खिशात हात घातला, डबी काढली, दिली. पळत जाऊन समोर गुडघ्यावर बसलो, लांबची लेन्स लावली आणि नवऱ्याच्या बोटांवर फोकस केला. नवरीच्या गळ्याशी वाटी उन्हाला फिरली. तिच्यावर खड्डा होता.

पुढचं मी खरं सांगतो. माझ्या बोटाने बटण दाबलं. मी दाबलं नाही, बोटाने दाबलं. चाळीस वर्षांची खोड.

मग मी हात वर करून ओरडलो, "थांबा!"

आमच्याकडे फोटोवाल्याने हात वर केला की बेंजोवाल्यांनी वाजवायला सुरू करायचं असतं. त्यांनी केलं. आता माझा आवाज मलाच ऐकू येईना. नवऱ्याला वाटलं मला परत फोटो हवाय. सकाळपासून मी त्याला प्रत्येक गोष्ट तीन तीनदा करायला लावली होती. तो बिचारा तसाच हात गळ्याशी धरून माझ्याकडे बघून हसला. "काका, असा? का मान अजून वाकडी करू?"

"अरे काढ ते!"

"काढतांव ना तुम्ही. काढा की."

"फोटो नाय! ते काढ! ते माझ्या बायकोचं हाय!"

बेंजो नेमका तेवढ्यात थांबला. माझं शेवटचं वाक्य सगळ्या मांडवाने ऐकलं. नवरा नवरीकडे बघायला लागला. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगो बाई, याची बायको हाय ती? मग लगीन कशाला लावलं?" तिला समजवण्यातच दोन मिनिटं गेली.

मी दुसरी डबी काढून दाखवली, सगळं सांगितलं. मग मांडव शांत झाला, आणि ते मला बेंजोपेक्षा वाईट वाटलं. नवऱ्याची आई पुढे आली. "मेलेल्या बाईचं मंगळसूत्र माझ्या सुनेच्या गळ्यात? पहिल्याच मुहूर्ताला? तुम्हाला डोळे नायत?"

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "डोळे होते म्हणून तर कळलं." मी असाच बोलतो. ही असती तर तिने माझ्या पायावर पाय दिला असता.

मला काय हवं होतं ते साधं होतं. मला ते माझ्या हातात परत हवं होतं, तिथे, त्या घटकेला. तिच्या अंगाचा वास त्याला होता का? नसेल. पण जो काही होता तो त्या पोरीच्या अत्तराने चालला होता. मी सरळ हात पुढे केला. नवरीची आई आडवी आली. "मुहूर्तावर बांधलेलं काढतात काय? अपशकुन करतांव पोरीला!" तिकडून नवऱ्याची आई, "ठेवलंत तर अपशकुन!" एकीला काढायला नको, दुसरीला ठेवायला नको, आणि मधे ती पोर मान ताठ धरून बसलेली, गळ्यात साप असल्यासारखी.

शेवटी धवलारीन बोलली. धवलारीन म्हणजे लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी बाई. खाडीकडच्या गावांत तिचा मान भटजीच्या बरोबरीचा. या लग्नातली केस पांढरे झालेली, हातात अजून अक्षतांचं ताट. तिने मला विचारलं, "बाय कशी गेली?"

"चहा ठेवता ठेवता."

"तुझ्या आधी?"

"मी समोर उभा हाय तुमच्या."

"मग अहेव गेली." ती नवऱ्याच्या आईकडे वळली. "मेलेलीचं काय म्हणतेस गो? अहेव गेलेलीचं हाय ते. तुझ्या-माझ्या नशिबात हाय काय तसं जायचं? अशा बाईचं कुंकू मागून नेतात लोक. तुमच्या पोरीला फुकट मिळालं."

नवऱ्याच्या आईला हा हिशोब एकदम पटला. मला नाही पटला. त्या शब्दाचा मला राग होता आणि आहे. पण त्या वेळी तो शब्दच कामाला येत होता, म्हणून मी तोंड मिटलं.

"आता गाठ बसली," धवलारीन म्हणाली. "दुसरं वरून घाला. सोळाव्या दिवशी उलट्या वाट्या सुलट करतात, तेव्हा गळ्यातलं काढावंच लागतं. तेव्हा याला याचं देऊ. तोवर कोणी हात लावायचा नाय."

"आणि हरवलं तर?" मी विचारलं.

तेव्हा नवरी पहिल्यांदा बोलली. "काका, माझा गळा हरवल काय?"

तर असं ते सोळा दिवस दुसरीच्या गळ्यात राहिलं. मी रोज सकाळी तिला फोन करायचो. नव्या नवरीला रोज सकाळी एका म्हाताऱ्याचा फोन, आणि एकच प्रश्न. "जागेवर हाय ना?" "हाय काका." ठेवला. चौथ्या दिवशी फोन नवऱ्याने उचलला. ती दोघं महाबळेश्वरला गेली होती.

"काका, आम्ही बोटीत हाव."

"बोटीत? पाण्यात?"

"पाण्यावर."

"तिला सांग वाकू नको. मधोमध बस म्हणावं. आणि काढून पिशवीत ठेव. नको! काढू नको, पिशवी पडंल!"

मागून तिचा आवाज आला, "काका, मी हातात धरलंय हो." मग तिला मुळीच वल्हवू न देता नवऱ्याने एकट्याने बोट काठाला आणली असं नंतर कळलं. दहाव्या दिवसापासून ती नागोठण्याजवळच्या कंपनीत कामावर गेली. तिथे दोन मंगळसूत्रं बघून बरोबरच्या बायकांनी विचारलं, दोन लग्नं केलीस काय? ती म्हणाली, नाय, एक सांभाळायला दिलंय. शिफ्ट बदलली की ती आपणहून मला फोन करायची. "काका, आज रात्रपाळी. हाय जागेवर." मी एकटा राहतो. घरात फोन वाजतो तो बहुतेक कर्ज हवंय का विचारायला. त्या सोळा दिवसांत तो वाजला की मी धावत जायचो.

मला नंतर काहीजण म्हणाले, द्यायचंत सोडून, पोरीला आशीर्वाद म्हणून. मोठं मन दाखवायचं. माझ्याकडे मोठं मन नाही. असतं तर फोटोवाला झालो नसतो, पुढारी झालो असतो. मला ते परत पाहिजे होतं, आणि सोळाव्या दिवशी सकाळी मी पेणच्या गाडीत बसलो. स्कूटर आता मी चालवत नाही. मागे कोणी नसलं की ती डावीकडे ओढते.

नवरी माहेरी आली होती. धवलारीन होती, नवऱ्याची आईही आली होती आणि माझ्याशी बरं बोलली. पोरीच्या वाट्या सुलट झाल्या. मग तिने हिचं मंगळसूत्र काढलं. मी हात पुढे केला.

"हातावर नाय," धवलारीन म्हणाली.

"मग?"

"नव्या नवरीने मंगळसूत्र पुरुषाच्या हातावर ठेवायचं नाय. गळ्यातून निघालं, गळ्यातच गेलं पायजे. बाईमाणूस आणलंय काय बरोबर?"

"असती तर इथं आलो असतो कशाला?"

असा काही नियम मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. मला वाटतं तिने तो तिथल्या तिथे केला. म्हणाली, "मग तूच बस पाटावर."

मी बसलो. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पोरीने मागे जाऊन आकडा लावला, केस नाहीत म्हणून तिला सोपं गेलं. नवऱ्याच्या आईने मला कुंकू लावलं. कोणीतरी म्हणालं, ओटीपण भरा, अर्धवट कशाला. मी खांद्यावरचा टॉवेल पसरला, त्यात नारळ, तांदूळ आणि एक जांभळा खण पडला. पोर माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "फोटो पंधरा दिवसांत देतो." दिलेही. तो खड्ड्याचा फोटो त्यांनी आल्बमच्या पहिल्या पानावर घ्यायला लावला. फोकस असा बसलाय की दात मोजता येतील.

"घरी गेल्याशिवाय काढू नको," धवलारीन दारातून म्हणाली. काढणार कसा होतो? आकडा मागे. बायका तो कसा लावतात ते मला कधी बघावंसं वाटलं नव्हतं, कारण आमच्या हिने तो कधी काढलाच नाही.

पेणला गाडीत बसलो. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, मांडीवर ओटी. माझ्या बाकड्यावर कोणी बसेना. नागोठण्याला एक शेतकरीण चढली, डोक्यावर वालाची पिशवी. तिने जागा बघितली, मला बघितलं, आणि पिशवी आमच्या मधे ठेवून बसली. मग राहवलं नाही तिला.

"ओ, गळ्यात काय घातलंव?"

"मंगळसूत्र."

"कोणाचं?"

"बायकोचं."

"मग ती कुठं हाय?"

"नाय ती."

तिने माझ्या ओटीकडे बघितलं, कुंकवाकडे बघितलं. हसेल असं वाटलं. ती म्हणाली, "मग असं बाहेर काय लोंबत ठेवलंव? गाडीत चोर असतात. आत घाला."

मी वरचं बटण काढून ते शर्टाच्या आत सोडलं. वाट्या छातीला गार लागल्या.

"आणि वरून हात ठेवा," ती म्हणाली.

मी हात ठेवला. निडीला ती उतरली. गाडी हलली तशी पिशवी डोक्यावर घेऊन खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि ओरडली, "रोहा येईस्तोवर काढू नका हात!"

मी नाही काढला.